कर्नल पॅच

कर्नल पॅच : कार्यप्रणालीच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, मूळ कोड एका आवृत्तीतून दुसरीत नेणारी फरकांची फाइल. तीत वगळायच्या ओळींपुढे वजाचे व नव्या ओळींपुढे अधिकचे चिन्ह असते. शेजारच्या न बदललेल्या ओळींवरून नेमकी जागा सापडते. ही फाइल लावणारा ‘पॅच’ हा प्रोग्राम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिला. १९९१ मध्ये सुरू झालेला लिनक्स कर्नल ईमेलने आलेल्या अशा पॅचवरच वाढला, ही सामूहिक श्रमाची मोठीच कमाई आहे.

लिनक्सच्या स्थिर आवृत्त्यांबाबत हमखास गफलत होते. ५.१०.५ चा पूर्ण पॅच ५.१०.४ वर नव्हे, मूळ ५.१० वर लागतो. म्हणून आधी ५.१०.४ चा पॅच उलटा लावून काढावा लागतो. (टप्प्याटप्प्याचे पॅच वेगळे मिळतात.) न बसलेले तुकडे ‘.रेज’ फाइलींत पडतात. ते तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. मग कर्नलच्या निवडी नोंदवणारी जुनी ‘.कॉन्फिग’ फाइल नव्या कोडशी जुळवून कर्नल कंपाइल करतात. जुना कर्नल बूट यादीत ठेवावा, नवा चालला नाही तर तोच तारतो.

हा खटाटोप प्रत्येकाला करावा लागत नाही: सीडॅक या भारतीय संस्थेच्या ‘बॉस’सारख्या, डेबियन या लिनक्स वितरणावर आधारित प्रणालींत सुधारित कर्नल तयार पॅकेजरूपाने मिळतो.