तारामतीचा मुशाहिरा

माळव्यातील मराठी घरांत, मग ते घर पवारांच्या धारेतले असो, देवासच्या थोरल्या वा धाकट्या पातीतले असो, की सरदारपुराजवळच्या राजगढातले असो, कर्तबगार स्त्रीचा दाखला द्यावयाचा झाला म्हणजे बोट प्रथम नर्मदेकडे, महेश्वराकडे जाते. तेथील अहिल्याबाईंचे जे चित्र आपल्या मनावर कोरले गेले आहे, त्यात शुभ्र वस्त्र असते, तळहातावर शिवलिंग असते आणि मुद्रेवर वैराग्य असते. परंतु १७६७ साली कारभार हाती घेऊन महेश्वरास राजधानी नेल्यावर ज्या बाईने बाहेरून विणकर आणवून तेथे वसविले आणि ज्या लुगड्याचे दुतोंडी, म्हणजे उलटसुलट कसेही नेसता येणारे काठ आजही त्या गावाच्या नावाने ओळखले जातात तो धंदा उभा केला, त्या बाईच्या हाती चित्रकाराने रोजकीर्दीची वही मात्र कधी दिली नाही. पुण्यशीलता चित्रात येते, हिशेब येत नाही. हीच रीत पुढे आपल्या चित्रपटसृष्टीनेही पाळली, आणि पाळली ती विशेषेकरून स्वतःच्याच स्त्रियांच्या बाबतीत.

आपल्या चित्रपटाची पहिली नायिका पुरुष होती, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारे साळुंके त्यांच्या नजरेस पडले. दहा रुपये दरमहा मिळविणाऱ्या त्या गृहस्थांना पंधरा रुपयांचा मुशाहिरा कबूल झाला आणि तारामती पडद्यावर अवतरली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी पडद्यावर पाऊल टाकले खरे, तथापि प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या घरांनी आपली कवाडे त्यानंतरही बराच काळ लावूनच ठेवली.

ती कवाडे उघडण्याचे श्रेय जिला दिले जाते, ती बाईही, म्हणजे दुर्गाबाई खोटे, तारामतीच झाली, हा योगायोग मोठा मनोज्ञ आहे. १९०५ साली लाडांच्या सुखवस्तू घरात जन्मलेल्या, कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर कॉलेजात शिकलेल्या दुर्गाबाईंचा विवाह खोट्यांच्या तशाच संपन्न कुटुंबात झाला. पण ती संपन्नता ओसरली, शिकवण्या करण्याची पाळी आली, आणि १९३१ साली 'फरेबी जाल' नावाच्या चित्रपटात त्यांनी एक लहानसे काम पत्करले. चित्रपट फसला आणि बोल लागला तो बाईंना. त्यानंतरही प्रभात कंपनीकडून विचारणा आली तेव्हा त्या कोल्हापुरास गेल्या, आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त, म्हणजे पहिल्या मराठी बोलपटात, साळुंक्यांची ती जुनी भूमिका एका सुशिक्षित गृहिणीच्या मुखाने बोलू लागली. या प्रसंगास आपण 'कलेची ओढ' असे नाव देऊन मोकळे होतो. मला ते नाव पुरेसे वाटत नाही. पती अकाली वारल्यावर दोन मुलांचा भार एकटीच्या शिरावर आलेल्या या बाईंनी एकाच कंपनीच्या तैनातीत राहण्याची तत्कालीन वहिवाट मोडली, पुण्या-मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत निरनिराळ्या संस्थांशी स्वतंत्र करार केले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात निर्मितीतही उडी घेतली. यात ओढीपेक्षा व्यवहाराची समज अधिक दिसते.

व्ही. शांताराम यांच्या १९३६ च्या 'अमर ज्योती'तली त्यांची सौदामिनी येथे आठवल्यावाचून राहत नाही. पोटच्या मुलावरचा हक्क राज्याच्या कायद्याने नाकारला म्हणून ही स्त्री समुद्रावर जाते, चाच्यांचे तांडे जमविते आणि त्या राज्याशीच वैर मांडते. धंदा लुटारूपणाचा खरा, पण जहाज तिच्या मालकीचे, माणसे तिच्या हुकमतीतली! उद्योगिनीची इतकी रोखठोक प्रतिमा आपल्या पडद्यावर त्यानंतर फारशी आली नाही.

त्याच चित्रपटात त्यांच्याबरोबर असलेल्या शांता आपटे यांनी तर पडद्याबाहेरच एक प्रवेश रंगविला. 'कुंकू'मधील नीरेमुळे घरोघरी पोचलेली ही अभिनेत्री १९३९ साली करार आणि वेतन यांवरून बिनसताच पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषणास बसली. ज्या फाटकातून नटी मोटारीतून आत जावयाची, त्याच फाटकाबाहेर तिने उपाशी बसावे, हे दृश्य त्या काळच्या पुण्याला पचणे सोपे नव्हते. तिचा आवाज आणि तिचा ताठा यांविषयी लोक अजून बोलतात. करारातील कलमांविषयी कोणी बोलत नाही. १९४० साली 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून या व्यवसायाची अंतर्गत स्थिती तिने स्वतःच मांडली, यात म्हणूनच नवल नाही.

पुरस्कारांचे प्रकरण त्यानंतरचे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली सुरू झाले, तरी नटनटींना त्यात स्थान नव्हते. ते १९६७ सालच्या चित्रपटांपासून मिळाले, आणि नटीच्या पुरस्कारास प्रारंभी नावही 'उर्वशी' असे देण्यात आले. अप्सरेच्या नावाचा हा सन्मान पहिल्याने नर्गिस यांस लाभला. पुढे वादांना तोटा राहिला नाही. अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेल्या श्याम बेनेगलांच्या 'भूमिका'साठी १९७७ चा राष्ट्रीय सन्मान स्मिता पाटील यांना मिळाला, तर त्याच वर्षीच्या कामगिरीबद्दल फिल्मफेअरने 'भूमिका'स सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवूनही अभिनेत्रीचा मान 'स्वामी'तल्या शबाना आझमींना दिला. या दोघींत सरस कोण, हा वाद पुढे दीर्घकाळ रंगत राहिला, आणि वाद म्हणून तो रसाळही आहे. पण 'भूमिका'त एक घर बाईच्या मिळकतीवर चालते, नवरा तिचे करार पाहतो आणि तिच्याच कमाईवर तिला धाक घालतो. ज्या चित्रपटाचा सारा काच पैशाच्या गाठीत आहे, त्याची चर्चा आपण डोळ्यांतल्या भावापाशी थांबविली.

फाळके पुरस्काराच्या यादीकडे एकदा या दृष्टीने पाहावे. १९६९ साली तो सुरू झाला आणि पहिलाच मान देविका राणींना मिळाला. हिमांशु राय यांच्या निधनानंतर बॉम्बे टॉकीजचा गाडा ओढणाऱ्या त्याच या बाई. पुढे १९७३ च्या सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, यांची स्वतःची रूबी पिक्चर्स होती. १९७६ च्या कानन देवींची श्रीमती पिक्चर्स होती. आणि १९८३ च्या मानकरी दुर्गाबाई खोटे. हा सन्मान लाभलेल्या पहिल्या चारही स्त्रिया संस्थाचालक होत्या, आणि तरी त्यांची ओळख करून देताना आपण चारही वेळा 'थोर अभिनेत्री' एवढेच म्हणतो.

दुर्गाबाईंनी तर रंगभूमीवर 'राजमुकुट'मधली लेडी मॅकबेथ साकारली, 'मुघल-ए-आझम'मध्ये अकबराची राणी वठविली, 'बिदाई'तल्या कामासाठी सत्तरीच्या उंबरठ्यावर फिल्मफेअर पारितोषिकही घेतले. परंतु याच वर्षांत समांतरपणे त्यांचा दुसरा संसार चालू होता तो अनुबोधपटांचा आणि जाहिरातपटांचा. आधी फॅक्ट फिल्म्स, मग दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. साबणाच्या वा चहाच्या दहा-पाच क्षणांच्या चित्रफितीस जाणकार कला म्हणत नाहीत, पारितोषिक तर दूरच. मात्र कचेरीचे भाडे, छायालेखकाचा मेहनताना आणि कच्च्या फिल्मची उधारी अशाच कामांतून भागते. १९८८ साली दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' सुरू झाली तेव्हा व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी कल्पिलेला तो भिडस्त कारकून पाहण्यात घरोघरची माणसे गढून गेली, आणि निर्मात्याचे नाव वाचण्याची सवय नसल्यामुळे श्रेयनामावलीतील दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स ही अक्षरे बहुतेकांच्या डोळ्यांखालून तशीच निसटली. त्या वेळी बाईंचे वय ८३ होते.