मुंबई व सोलापूर येथील गिरणी कामगारांचा निर्वाहखर्च : एक तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :
वसाहतकालीन मुंबई इलाख्यात मुंबई व सोलापूर ही सूतगिरण्यांची दोन प्रमुख केंद्रे होती. सोलापुरातील वेतन मुंबईपेक्षा कमी होते आणि त्याचे समर्थन तेथील स्वस्ताईच्या आधारे केले जाई. या समर्थनास तत्कालीन आकडेवारीचा आधार कितपत मिळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाहण्या व निर्देशांक :
मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कार्यालय स्थापन केले. या कार्यालयाने १९२१-२२ मध्ये मुंबईतील २,४७३ कामगार कुटुंबे व ६०३ एकटे राहणारे कामगार यांच्या जमाखर्चाची पाहणी केली. सोलापुरातील पाहणी १९२५ मध्ये झाली. मुंबईच्या निर्देशांकासाठी प्रथम जुलै १९१४ हा पाया मानला गेला, तर सोलापूरसाठी फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ हा काळ. त्यामुळे दोन्ही निर्देशांक शेजारी मांडून कोणते शहर महाग, हे ठरविता येत नाही. निर्देशांक एकाच शहरातील किमतींचा काळानुसार झालेला बदल दाखवितो. दोन शहरांतील किमतींच्या पातळीतील अंतर दाखवीत नाही. पुढे १९६० = १०० या मालिकेत दोन्ही शहरांचा पाया एक झाला, तरी ही मर्यादा कायम राहिली. कारण पायाभूत वर्षी दोन्ही शहरांचा आकडा १०० धरताच त्यांच्यातील मूळ तफावत आकड्यांतून नाहीशी होते.

राहणीतील भिन्नता :
दुसरी अडचण उपभोगाच्या स्वरूपाची आहे. मुंबईतील कोकणी कामगाराच्या आहारात तांदळाला प्राधान्य होते, तर सोलापुरात ज्वारीला. निवासाचा प्रश्न तर केवळ भाड्याच्या रकमेतून समजत नाही. मुंबईतील ९७ टक्के कामगार एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत असल्याची नोंद १९३१ च्या शाही कामगार आयोगाच्या अहवालात आढळते. भाडे कमी दिसत असले, तरी त्या भाड्यात मिळणारी जागा किती, हे आकडा सांगत नाही. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक कामगारांचे कुटुंब गावीच असे. खाणावळीचे पैसे चुकते करून उरलेली रक्कम मनीऑर्डरने घरी जाई. अशा कामगाराचा निर्वाहखर्च एका शहरापुरता मर्यादित नव्हता.

वेतनाचा प्रश्न :
ही चर्चा केवळ संख्याशास्त्रीय नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी वाढलेल्या महागाईमुळे मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप केला. पुढे भत्ता निर्देशांकाशी जोडला गेला व निर्देशांकातील प्रत्येक अंकाला कामगाराच्या घरात प्रत्यक्ष मोल आले. मात्र भाववाढीची भरपाई मिळाली, तरी मूळ वेतन अपुरे असल्यास ती उणीव तशीच राहते.

निष्कर्ष :
सोलापुरात काही वस्तू स्वस्त असणे शक्य आहे. परंतु निर्देशांकाच्या आधारे तेथील कमी वेतनाचे समर्थन करता येत नाही. दोन शहरांच्या तुलनेसाठी किमतींबरोबरच आहार, निवास व कुटुंबरचना यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो.