आधी कुणीतरी पाहिलेलं

जून उजाडला की छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. शाळेची यादी हातात धरलेले आईवडील, पुस्तकांच्या दुकानांसमोरची रेटारेटी, आणि त्या गर्दीत वडिलांचा मोबाइल घेऊन पायरीवर बसलेलं एखादं पोर. पडद्यावर कुणीतरी गेम खेळतो आहे, खेळता खेळता ओरडतो आहे. पोर स्वतः खेळत नाही, त्याचा खेळ बघतं. दुकानातल्या पुस्तकावर लेखक, प्रकाशक, इयत्ता सगळं छापलेलं असतं. त्या मोबाइलमधल्या चॅनलवर यातलं काहीच नसतं.

मुलांच्या हाती काय द्यावं, हा प्रश्न या भागाला जुना आहे. सरस्वती भुवन शिक्षण संस्था १९१५ची. निजामाच्या राज्यात मराठी शिक्षणाची वाट अवघड असताना उभी राहिलेली. बळवंत वाचनालयही इथलंच. मुलाच्या हातात पुस्तक पडायच्या आधी ते मास्तरांच्या, ग्रंथपालांच्या, निदान दुकानदाराच्या तरी नजरेखालून जायचं. त्याही आधी संपादक असे. १८८१ साली विनायक कोंडदेव ओकांनी ‘बालबोध’ काढलं, १९०६ साली वासुदेव गोविंद आपट्यांनी ‘आनंद’, आणि १९७१ साली बालभारतीनं ‘किशोर’. या मासिकांतली ओळ न् ओळ मुलांआधी कुणीतरी मोठ्या माणसानं वाचलेली असे.

पण मोठी माणसं चुकतही होती. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांच्या नायकांची नावं घरोघरी पोचली होती, तरी कित्येक घरांत ती पुस्तकं अभ्यासाच्या वहीखाली दडवूनच वाचावी लागत. ‘भिकार वाचन’ हा शिक्का मारणाऱ्यांपैकी किती जणांनी आत काय आहे ते उघडून पाहिलं असेल? आत खलनायक हरत होता, आणि पोरांना पानामागून पान वाचायची सवय लागत होती. तो निकाल मुखपृष्ठ बघून दिलेला होता आणि तो अन्यायाचाच होता.

मुलांच्या वाचनाचा धसका सरकारनंही घेतला. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्दम यांच्या पुस्तकानं १९५४ साली कॉमिक्सविरुद्ध रान उठवलं आणि त्याच वर्षी तिथल्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. आपल्याकडे १९५६ साली तरुणांसाठी घातक प्रकाशनांविरुद्ध कायदा आला. गुन्हे, क्रौर्य किंवा किळसवाण्या घटना चित्रांतून किंवा चित्रांविना सांगणारी पुस्तकं त्याच्या कक्षेत आली. त्या कायद्यात ‘तरुण’ म्हणजे वीस वर्षांच्या आतला.

सिनेमाचा मामला त्या मानानं सरळ होता. १९५२च्या कायद्यानं ‘यू’ आणि ‘ए’ दिले, १९८३पासून ‘यूए’ आलं, आणि २०२३च्या दुरुस्तीनं त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन भाग झाले. प्रमाणपत्र पडद्यावर सुरुवातीलाच दिसायचं, आणि थिएटरच्या दारात तिकीट फाडणारा माणूस उभा असायचा.

व्हिडिओ गेमला वयाची चिठ्ठी लागली ती भांडणातून. ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधल्या मारामारीत सेगाच्या यंत्रावर रक्त दिसत होतं, निन्टेन्डोनं रक्ताच्या जागी घाम दाखवला होता. डिसेंबर १९९३मध्ये हा विषय अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत गाजला, आणि १९९४ साली गेम कंपन्यांनी आपलं मानांकन मंडळ काढलं. युरोपची ‘पेगी’ पद्धत २००३ची. तिच्या हिशेबात ‘माइनक्राफ्ट’ सात वर्षांवरच्यांसाठी आणि ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ अठरा वर्षांवरच्यांसाठी.

मात्र ही चिठ्ठी गेमची आहे, गेम खेळत बोलणाऱ्या माणसाची नाही. ‘माइनक्राफ्ट’मध्ये ठोकळ्यांचं घर बांधता बांधता एखादा आईबहिणीवरून शिव्या देऊ शकतो. त्याच ‘माइनक्राफ्ट’वर इंग्लंडच्या जोसेफ गॅरेटनं ‘स्टॅम्पी’ या नावानं वर्षानुवर्षं एकही शिवी न देता लहान मुलांना खिळवून ठेवलं. गेम एकच, चॅनल दोन, आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक.

भारताच्या २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वेब मालिकांना वयाची वर्गवारी बंधनकारक केली. कुणीही उठून अपलोड केलेल्या व्हिडिओला ती लागू नाही. यूट्यूबवर ‘मुलांसाठी बनवलेलं’ अशी खूण असते, तिच्यावर विसंबणारे पालक पुष्कळ आहेत. तिचा उगम मात्र वेगळा. मुलांची माहिती पालकांच्या परवानगीविना गोळा केल्याबद्दल २०१९मध्ये गूगल आणि यूट्यूबनं अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. मग जानेवारी २०२०पासून अशा व्हिडिओंवरच्या कमेंट आणि पाळत ठेवून दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती बंद झाल्या. म्हणजे ही खूण मुळात मुलांच्या माहितीच्या रक्षणासाठी आहे, आणि ती लावतो बहुतेकदा चॅनलवालाच. भाषा स्वच्छ आहे की नाही, हे ती सांगत नाही.

इथे जुन्या संपादकाचं काम पुन्हा घरात येऊन पडतं, आणि ते वेळखाऊ आहे. चॅनलचं नाव, चित्र, सबस्क्रायबरांचा आकडा बघून ठरवणं म्हणजे अर्नाळकरांचं मुखपृष्ठ बघून ठरवण्यासारखंच. एक पूर्ण भाग ऐकावा लागतो. हरल्यावर तो माणूस काय बोलतो, पैसे देऊन मिळणाऱ्या वस्तू घ्यायला पोरांना किती भरीस घालतो, जिंकण्यावर पैसे लावणाऱ्या ॲपची जाहिरात करतो का, खाली कमेंटमध्ये कोण कुणाला काय विचारतं, हे सगळं बघावं लागतं. त्यातही काटछाट करून टाकलेल्या व्हिडिओपेक्षा लाइव्ह स्ट्रीम बघितलेला बरा. तिथे जीभ घसरली तर कात्री लावायला वेळ नसतो. आणि पोराच्या कानातला हेडफोन आधी काढून ठेवावा लागतो. पुस्तक आईच्या शेजारी उघडं तरी असायचं. या माणसाचा आवाज घरात एकट्या पोरालाच ऐकू येत असतो.