मैलापाण्याची राखण

पिंपळे सौदागरच्या बाजूने पवना नदीकडे आले की पलीकडच्या तीरावर कासारवाडी लागते. तेथे पिंपरी-चिंचवड महापालिकेचे मैलाशुद्धीकरण केंद्र आहे. मोरीचे आणि संडासाचे पाणी नदीत सोडण्यापूर्वी अशा केंद्रांत शुद्ध करायचे असते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. पण नदी राखणाऱ्या या केंद्राची राखण कशी करायची, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. त्या प्रश्नालाही इतिहास आहे.

१९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोन रसायनशास्त्रज्ञांनी एक पद्धत मांडली. मैलापाण्यात हवा खेळवली की जीवाणूंचा गाळ तयार होतो. हाच गाळ पुढच्या मैलापाण्यात मिसळून पुन्हा हवा दिली, तर काही तासांतच घाण निवळते. ही 'सक्रिय गाळ' पद्धत जगभर पसरली. म्हणजे अशा केंद्राचे खरे कामगार जीवाणूच. त्यांना हवा लागते, म्हणून वीज लागते. आणि आम्ल किंवा विषारी धातू आले की ते मरतात. मेलेला गाळ बदलून नवा वाढवायला बरेच दिवस जातात. तोवर पाणी जवळजवळ जसेच्या तसे नदीत जाते.

आपल्या भागात याला विशेष अर्थ आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पाहता पाहता शेतांच्या जागी कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये येथे नगरपालिका झाली व १९८२ मध्ये तिची महापालिका. राज्याने जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९६९ मध्येच केला होता आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळही नेमले. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये आला. परवानगीवाचून कारखान्याचे पाणी सोडता येत नाही, हे कागदावर तेव्हापासून ठरलेले आहे. पण कोणी रात्री टँकर आणून गटाराच्या झाकणातून रसायन ओतले, तर केंद्राच्या फाटकावरील पहारेकऱ्याला ते कसे दिसणार? शहरातले प्रत्येक झाकण हे केंद्राचेच फाटक असते.

दुसरा धोका केंद्राच्या आतला. शुद्ध झालेल्या पाण्यातील रोगजंतू मारण्यासाठी अनेक ठिकाणी क्लोरीन वापरतात. हाच वायू २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे शस्त्र म्हणून वापरला गेला. तो हवेच्या सुमारे अडीच पट जड असतो. म्हणून गळती झाली की तो सखल भागाकडे सरकतो, आणि मैलाशुद्धीकरण केंद्रे तर सखल नदीकाठीच असतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर वॉशिंग्टन शहराच्या ब्लू प्लेन्स केंद्राला हीच चिंता वाटली. तेथे द्रवरूप क्लोरीनचा मोठा साठा होता. केंद्राने काही आठवड्यांतच तो हलवला आणि सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरायला सुरुवात केली. कुंपण उंच करण्याऐवजी धोकाच कमी केला, हे त्या निर्णयाचे मर्म होय.

तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. २००० साली ऑस्ट्रेलियातील मरूची या भागात पंपांचे नियंत्रण रेडिओ संदेशांनी होत असे. ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतील एका माजी कर्मचाऱ्याने बाहेरून संदेश पाठवून पंप बिघडवले. लाखो लिटर मैलापाणी उद्यानांत आणि ओढ्यांत गेले.

अशा घटनांनंतर सर्व माहिती गुप्त ठेवावी, असा विचार बळावतो. तो पूर्णपणे चुकीचा नाही. यंत्रणेचा परवलीचा शब्द फलकावर लिहायचा नसतो. पण १९८४ मध्ये भोपाळच्या लोकांना शेजारी कोणता वायू साठवला आहे आणि तो सुटला तर काय करावे, हे माहीत नव्हते. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि घातक रसायनांविषयीचे १९८९ चे नियम आले. त्यांत आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देण्याचे बंधन आहे. हा प्रश्न दूरचा नाही. जानेवारी २०२४ मध्ये कासारवाडीतीलच महापालिकेच्या जलतरण तलावावर क्लोरीनची गळती झाली आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. केंद्र असो वा तलाव, वायू एकच आणि शेजारीही तेच.

म्हणून आम्हाला वाटते की गुप्तता आणि सुरक्षितता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. यंत्राची किल्ली गुप्त असावी, धोक्याची माहिती खुली असावी. शाळेची सहल जवळच्या केंद्रावर नेता आली, तर विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत : येथे जंतुनाशक कोणते वापरता? वीज गेली तर जीवाणूंना हवा कशी मिळते? आणि येणारे पाणी एकाएकी वेगळ्या रंगाचे दिसले तर कोणाला कळवता? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने असे प्रश्न विचारण्याची वाट प्रत्येक नागरिकाला मोकळी करून दिली आहे. उत्तरे समजून घेणारे शेजारी जितके वाढतील, तितके केंद्राचे पहारेकरी वाढतील.