मधली भिंत

सॅम वॉल्टन यांनी १९४५ साली अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात न्यूपोर्ट या गावी फुटकळ मालाचे दुकान घेतले. पाच वर्षांत त्याची वार्षिक विक्री ७२ हजार डॉलरवरून अडीच लाखांवर गेली. परंतु भाडेपट्ट्यात मुदतवाढीचे कलमच नव्हते. जागामालकाने नकार दिला आणि भरभराटीस आलेले दुकान हातचे गेले. व्यापार इतका उत्तम जाणणाऱ्या माणसाने करारनामा नीट वाचू नये, हे नवलच म्हणावे.

१९५० साली ते सुमारे तीन हजार वस्तीच्या बेंटनव्हिल गावी आले. गावच्या चौकात एक जुने दुकान मिळत होते, पण जागा अपुरी होती. शेजारी न्हाव्याचे दुकान होते. ती जागा कॅन्सस सिटीच्या दोन विधवांच्या मालकीची; त्या काही केल्या राजी होईनात. अखेर वॉल्टन यांच्या सासऱ्यांनी मध्यस्थी केली आणि या खेपेस भाडेपट्टा झाला, तो तब्बल ९९ वर्षांचा!

मग मधली भिंत पाडण्यात आली. मिणमिणत्या दिव्यांऐवजी नळीचे दिवे आले, सुमारे चार हजार चौरस फुटांचे दालन सिद्ध झाले. पूर्वी नोकर माल काढून देत. आता गिऱ्हाइकाने तो स्वतः निवडून दर्शनी गल्ल्यावर पैसे द्यावयाचे होते.

पहिले वॉलमार्ट १९६२ साली जवळच्याच रॉजर्स गावी उघडले. बेंटनव्हिलच्या त्या वास्तूत १९९० पासून अभ्यागत केंद्र व पुढे कंपनीचे संग्रहालय झाले.