उघड्या चाकांकडून झाकलेल्या चाकांकडे

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर अणदूरजवळून रिकामे आणि भरलेले ट्रक जातात. चालक तोच असला तरी वजन बदलले की ब्रेक आणि वळण यांचा अंदाज बदलावा लागतो. मोटार शर्यतींच्या इतिहासातही हेच दिसते.

मारिओ आंद्रेत्ती हे मुख्यतः उघड्या चाकांच्या, हलक्या गाड्यांचे चालक. तरी १९६७ साली त्यांनी अमेरिकेतील डेटोना ५०० ही स्टॉक कारची, म्हणजे झाकलेल्या चाकांच्या जड गाड्यांची, शर्यत जिंकली. १९७८ साली ते फॉर्म्युला वनचे जगज्जेतेही झाले.

१९६८ पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांना पंख आले. विमानाचा पंख उचलतो. हा उलटा पंख गाडीला खाली दाबतो. वस्तुमान जवळजवळ न वाढता टायरची पकड वाढते. दीड टनाच्या स्टॉक कारमध्ये वजनामुळे घर्षण वाढते, पण जडत्वही वाढते; वळणावर फायदा उरत नाही. दोन्ही गाड्यांमधले अंतर वाढण्याचे हे एक कारण.

हुआन पाब्लो मोंतोया यांनी २००३ साली मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत जिंकली होती. स्टॉक कारच्या सर्वोच्च मालिकेत त्यांना दोनच विजय मिळाले, २००७ आणि २०१० साली, आणि दोन्ही वळणावळणाच्या मार्गांवर. लंबवर्तुळाकार मार्गावर एकही नाही. फॉर्म्युला वनमधील पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन यांनीही २०१० साली अमेरिकेत स्टॉक कारच्या धर्तीवरील ट्रक-शर्यतींत भाग घेतला.

कौशल्य केवळ चालकात नसते. चालक आणि यंत्र यांच्या ओळखीत असते. भरलेला ट्रक थांबायला जास्त अंतर का घेतो, यावरून वर्गात चर्चा सुरू करता येईल.