फळ्याच्या कोपऱ्यातली नावे

चौथीत असताना बाई कार्यालयात गेल्या की आमचा मॉनिटर खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहायचा. उजव्या कोपऱ्यात चौकट आखायचा, वर लिहायचा ‘बडबड करणारे’ आणि मग खाली एकेक नाव. नाव लागूनही तोंड मिटले नाही तर पुढे फुली. बाई परत आल्या की फुल्या मोजून छड्या. त्याच फळ्यावर वरच्या बाजूला रोज सकाळी वळणदार अक्षरात सुविचार लिहिलेला असे आणि शाळा सुटेपर्यंत तो पुसायचा नाही असा दंडक होता. त्या वर्षातला एकही सुविचार आज मला आठवत नाही. कोणाची नावे लागत आणि कोणाची लागत नसत, हे मात्र लख्ख आठवते. मॉनिटरच्या शेजारी बसणाऱ्याचे कधी लागले नाही. ज्याच्या डब्यात गुळपोळी असे त्याचे लागायचे आणि डबा उघडायच्या आत पुसले जायचे. आणि एका मुलाचे तर तो गैरहजर असतानाही लागले होते. सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या.

मूल्यशिक्षण, नैतिक शिक्षण, जीवनकौशल्ये, सामाजिक-भावनिक शिक्षण अशा वेगवेगळ्या पाट्या लावलेल्या या क्षेत्रात नव्याने शिरणाऱ्याला मी आधी त्या चौकटीपाशी नेतो. शाळेने मूल्ये शिकवावीत की नाही, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले आहेत, पण तो वाद थोडा फसवा आहे. शाळा मूल्ये शिकवतेच, घंटा वाजल्यापासून शिकवते. रांगेत कोण पुढे, वर्ग कोण झाडतो, चुकल्यावर काय होते, गैरहजर मुलाच्या नावावर हसावे की नाही, हे सगळे धडेच आहेत आणि त्यांना तासिका लागत नाही. तेव्हा विचारायचे ते एवढेच की सुविचार आणि चौकट यांचे आपसात काय नाते आहे.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात गोष्टीने झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. पुढे 1828 मध्ये सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ मुंबईत निघाली. कोल्हा, करकोचा, सिंह आणि शेवटी तात्पर्य. हा साचा इतका मुरला की परिपाठातली बोधकथा आजही त्याच चालीवर चालते. गोष्ट संपली की सर विचारतात, “यावरून काय बोध घ्याल?” आणि मुले एका सुरात बोध घेतात. गोष्टीला माझा विरोध नाही. तात्पर्याची घाई मात्र मला खटकते. करकोच्याला उथळ ताटलीत खीर वाढली तेव्हा त्याला काय वाटले असेल, यावर वर्गात दहा मिनिटे बोलता येते. तात्पर्य एका वाक्यात उरकते.

त्याच एकोणिसाव्या शतकात या साच्याला सुरुंग लावणारी एक गोष्ट पुण्यात घडली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तो घेतलेला बोध नव्हता. आपल्या जातीच्या वाट्याला आलेले हाल सांगून ती धर्मालाच प्रश्न विचारत होती. शाळेने मूल्ये रुजवली की काय होते, याचा मराठीतला आद्य पुरावा मी तोच मानतो. भावनांविषयीच्या आजच्या चर्चेत तर तो फारच उपयोगी आहे. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

मग वसतिगृहे आली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले, 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. तिथे समतेवर व्याख्यान ठेवण्याची गरजच नव्हती. एकाच चुलीवरचे अन्न एकाच पंगतीत बसून खायचे आणि ते पिकवण्या-शिजवण्यातही हात लावायचा, यात समता होती. ज्याने गावी असताना शेजाऱ्याच्या हातचे पाणी घेतले नव्हते, त्याला इथे त्या शेजाऱ्याच्याच जातीच्या मुलाने लाटलेली भाकरी खायची होती. पहिल्या दिवशी घास घशात अडकला असेल. महिन्याभराने आमटी पातळ झाल्याची तक्रार दोघांनी मिळून केली असेल. साधारण त्याच काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते आणि तिथले छात्रालय सांभाळत होते. ‘श्यामची आई’ पुढे 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, पण तिच्यातली माया आधी त्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवण्यात खर्ची पडली होती. कोसबादच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. मुलाच्या कामाला तुच्छ न मानणे हा त्या कुरणशाळेचा पहिला पाठ होता, अक्षरे नंतर.

सरकारी कागदपत्रांचा इतिहास थोडक्यात उरकतो, कारण त्यातली पुनरावृत्ती दमवणारी आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे राज्यघटनेचे 28 वे कलम सांगते. म्हणून ‘धर्म नको, पण नीती हवी’ ही कसरत 1959 च्या श्रीप्रकाश समितीपासून सुरू झाली. कोठारी आयोगाने (1964–66) तिला वेळापत्रकात जागा सुचवली. 1986 च्या राष्ट्रीय धोरणाने दहा गाभाघटक दिले. शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने 1999 मध्ये सत्य, सदाचरण, शांती, प्रेम, अहिंसा अशी पंचसूत्री मांडली. 2002 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि धर्मांविषयीची माहिती देणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असा निकाल आला. महाराष्ट्रात डी.एड. झालेल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा: संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, वैज्ञानिक दृष्टिकोन. दहा मूल्ये तोंडपाठ.

यादी वाईट नाही. पण तिच्यातले कोणते मूल्य शाळेत खरोखर वसूल होते ते बघा. वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा. कारण ते दाराशी उभे राहून तपासता येतात: नखे, बूट, घड्याळ. स्त्री-पुरुष समानता तक्त्यावर राहते आणि तक्त्याखालची जमीन मुली झाडतात, बाके मुलगे उचलतात. श्रमप्रतिष्ठेचा तास संपला की शिक्षा म्हणून मैदानातले कागद वेचायला लावतात. याहून उलटा धडा शोधून सापडणार नाही.

आता दुसऱ्या प्रवाहाकडे, सामाजिक-भावनिक शिक्षणाकडे वळू. अमेरिकेत येल विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी 1968 मध्ये न्यू हेवनच्या गरीब वस्तीतल्या दोन शाळांत काम सुरू केले. मुले शिकत नाहीत ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, शाळा आणि घर यांचे नाते तुटले आहे म्हणून, हे त्यांचे म्हणणे. 1994 मध्ये याच विचाराच्या लोकांनी ‘कासेल’ ही संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द घरोघर पोचवला. स्वतःला ओळखणे, स्वतःला आवरणे, दुसऱ्याला समजून घेणे, नाती जपणे, जबाबदारीने निर्णय घेणे, ही कासेलची पाच कौशल्ये. 2011 मध्ये डर्लाक आणि सहकाऱ्यांनी अशा 213 कार्यक्रमांचे, 2,70,000 मुलांचे निष्कर्ष एकत्र केले. मुलांचे वागणे तर सुधारलेच, अभ्यासातही सरासरी 11 शतमकांची भर पडली. हा आकडा तुम्हाला प्रत्येक सादरीकरणात भेटेल. त्याच्या शेजारी दुसराही ठेवा. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत शाळेतले सजगतेचे तास नेहमीच्या पद्धतीपेक्षा सरस ठरले नाहीत, असे 2022 मध्ये जाहीर झाले. तंत्र सगळीकडे सारखे लागू पडत नाही.

माझ्या मते या क्षेत्रातला सर्वात बोलका अभ्यास मात्र जुनाच आहे. 1920 च्या दशकात हार्टशॉर्न आणि मे या दोघांनी दहा हजारांहून अधिक अमेरिकन मुलांना निरनिराळ्या प्रसंगांत फसवण्याची संधी ठेवून पाहिले: परीक्षेत, खेळात, घरी करायच्या कामात. प्रामाणिक मुले आणि लबाड मुले असे दोन ढीग पडतील अशी अपेक्षा होती. पडले नाहीत. पेपरात उत्तर बदलणारा मुलगा खेळात चोख वागत होता, खेळात फसवणारी मुलगी पेपरात हात लावत नव्हती. प्रामाणिकपणा मुलाच्या अंगात जेवढा होता, त्याहून जास्त त्या प्रसंगाच्या रचनेत होता. नीतिवर्गांना जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या मुलांतही फारसा फरक आढळला नाही. हे वाचले तेव्हा मला गुळपोळी आठवली. मॉनिटर लबाड नव्हता. दहा वर्षांच्या पोराच्या हातात खडू आणि अमर्याद अधिकार दिला की जे व्हायचे ते झाले.

भावनांच्या शिक्षणात आपली भाषा हाताशी असताना आपण परक्या भाषेचे तक्ते टांगतो, याचे मला फार वाईट वाटते. वर्गात चार गोल चेहरे लावलेले असतात: आनंद, दुःख, राग, भीती. मुलाने सकाळी आल्यावर आपल्या चेहऱ्याला बोट लावायचे. पण मराठी मूल चार चेहऱ्यांत राहत नाही. ते रुसते, हिरमुसते, खट्टू होते, वरमते, ओशाळते, बावरते, चडफडते. त्याला हुरहूर लागते, त्याचा जीव टांगणीला लागतो, त्याला कानकोंडे होते. वरमणे आणि ओशाळणे यांत किती फरक आहे! चूक उमगली की माणूस वरमतो. चारचौघांत उघडी पडली की ओशाळतो. ज्या मुलाला हा फरक बोलून दाखवता येतो, त्याने कासेलच्या पाचांपैकी पहिले कौशल्य अर्धेअधिक मिळवले. एकदा मी सहावीच्या वर्गात ‘रुसणे’ आणि ‘रागावणे’ यांतला फरक विचारला. एक मुलगी म्हणाली, “रागावलो की आपण जातो. रुसलो की कोणीतरी यावं म्हणून बसतो.” मानसशास्त्राच्या जाड ग्रंथांत मला याहून नेमकी व्याख्या मिळालेली नाही. गावोगावच्या बोलींत असे आणखी किती शब्द असतील. शिक्षकाने वर्षभर नुसती त्यांची वही ठेवली तरी तो या क्षेत्राला मोठी देणगी देईल.

‘संस्कार’ हा शब्दही तपासून घ्यायला हवा. तो आपल्याला इतका प्रिय आहे की त्याच्या आत काय काय दडले आहे ते आपण पाहत नाही. त्यात माया आहे, वळण आहे, आणि ‘अमक्या घरची मुले संस्कारी, तमक्या वस्तीतली नाहीत’ हा जातीचा वासही आहे. मूल्य हा शब्द रूक्ष असला तरी त्याचा एक फायदा आहे: त्याला आई-वडिलांचे आडनाव विचारावे लागत नाही. बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत 2009 पासून सुरू झालेल्या ‘मूल्यवर्धन’ने घटनेतली मूल्ये पायाशी घेतली, ती निवड मला म्हणूनच शहाणपणाची वाटते.

आता पुन्हा मुक्ता साळवे. भावनिक कौशल्यांच्या नावाखाली एक सोयीचा गैरसमज शिरतो: राग आला की डोळे मिट, दीर्घ श्वास घे, दहा अंक मोज. ज्याला बाकावर मागे बसवले, ज्याच्या आडनावावरून टोमणा मारला, त्याने दहा अंक मोजून काय करायचे? त्याच्या रागात माहिती आहे. मुक्ताला तिच्या शाळेने राग गिळायला शिकवले नाही, लिहायला शिकवले. राग आवरणे आणि राग मांडणे या दोन्ही गोष्टी शिकवाव्या लागतात, आणि श्वास घ्यायला कोणाला सांगायचे, टोमणा खाणाऱ्याला की मारणाऱ्याला, हे शिक्षकाने आधी ठरवावे लागते.

आणखी एक सावधगिरी, जराशी खोचक. 2010 नंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रत्येक मुलाच्या स्वभावाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायची पाळी आली. हेतू चांगला होता. लवकरच ‘इतरांशी मिळून मिसळून वागतो’ छापाच्या तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, मग त्या मोबाइलवर फिरू लागल्या आणि साठ मुलांच्या वर्गात साठही जण मिळून मिसळून वागू लागले. शिक्षकाला मी दोष देत नाही. जे मोजण्यासारखे नाही ते मोजायला लावले की माणूस नक्कलच करतो. शिक्षेविषयीही तसेच: शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने छडी आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, छडी बरीचशी गेली, चौकट मात्र अजून फळ्यावर दिसते.

पुढच्या पानांत उपक्रम येतील, तासाचे आराखडे येतील, वाद येतील. ते वापरा, मोडा, आपल्या गावाच्या मापाने बेता. फक्त प्रत्येक उपक्रमाआधी आपल्या वर्गाचा फळा एकदा नीट पाहा.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तो पाहिला होता. त्यांनी ‘बडबड करणारे’ पुसून ‘मदत करणारे’ असे लिहिले. आठवड्याभरात वर्गात मदतीचा बाजार भरला. न मागता पेन्सिली तासल्या जाऊ लागल्या, एका मुलीचे दप्तर तिघे ओढू लागले आणि संध्याकाळी “बाई, माझं नाव राहिलं” म्हणून रडारड. बाई वैतागल्या, मग हसल्या आणि कोपरा कोराच ठेवून त्यांनी मुलांनाच विचारले की इथे काय लिहायचे. दोन दिवस चर्चा चालली. मी गेलो तेव्हा तिथे चौकट नव्हती, नाव नव्हते. वाकड्या अक्षरात प्रश्न होता: ‘काल टाकीपाशी काय झालं?’ खाली दोन निरनिराळ्या हस्ताक्षरांत दोन हकिगती होत्या, एकमेकींशी अजिबात न जुळणाऱ्या, आणि तिसरा एक मुलगा चवड्यांवर उभा राहून आपली लिहायला जागा शोधत होता.